कित्ता

केमी गावात नोव्हेंबर म्हणजे
दुपारी तीनलाच दिवे,
लगदा गिरणीच्या धुराड्यातून उकडलेल्या कोबीचा वास,
आणि बिलांच्या खोलीत इर्मेली:
स्वल्पविराम शोधते, त्याच्या अलीकडे येते,
टनांचे किलो करते, तीन शून्यं,
मग खालची ओळ.
मग तिच्या खालची.
आठशे चाळीस ओळी.
उजव्या मनगटाला राखाडी लोकरीची पट्टी.

एडिटर मी लिहिलेला.
ती म्हणाली, मघापासून मी एकच गोष्ट सांगतेय,
याला एवढंही कळत नाही का?
रागाने नाही. शेजारच्या मंद पोराबद्दल
बोलावं तसं.

मी मेमरीत चौसष्ट घरांचा एक कप्पा राखला.
एक कळ: आता बघ.
तीच पुन्हा दाबली की: पुरे.
दुसरी कळ: कर.
कागदावर अर्ध्या तासाचं काम.

पहिल्या दिवशी त्याने 'पुरे'सुद्धा पाठ केलं.
सांगितलेलं सगळं करून झालं की
शेवटी तीच कळ स्वतःच दाबायचा
आणि डोळे वटारून पुन्हा बघायला लागायचा.

दुसऱ्या दिवशी कप्प्यात 'कर' शिरलं.
म्हणजे तो स्वतःलाच हाक मारी,
हाकेला ओ द्यायला आणखी एक पायरी उतरे,
तिथून पुन्हा हाक,
ये रे माझ्या मागल्या,
स्टॅक भरून सांडेपर्यंत.
ओस्मोने तोंडातला घास न गिळताच
भिंतीतला प्लग उपटला.

तिसरी रात्र थांबण्यावर गेली.
करत राहा म्हणणं सोपं.
कुठवर?
आकडा द्यावा तर बिलं रोज वेगळी.
पहाटे लिहिलं:
शोधलेलं सापडलं नाही
तर हातातलं तिथंच टाक,
उरलेल्या आज्ञा विसर,
उभा राहा.

हरलं की थांबायचं.
आमच्या घरात हे कुणालाच जमलं नव्हतं.
मासे संपलेल्या खाडीत, बर्फाला भोकं पाडून,
वडील सात हिवाळे जाळं सोडत राहिले.

इर्मेलीने बोटं चोळली. 'बघ.'
एक ओळ केली.
तिसऱ्या शून्याशी हात घसरला,
नऊ पडला.
पुसला. शून्य टाकलं. खाली उतरली. 'पुरे.'

मग 'कर', आणि करत राहा.
हिरवी अक्षरं सरकू लागली,
कुणी शिवत नसताना.
प्रत्येक ओळीत नऊ उमटायचा,
क्षणभर थांबल्यासारखा वाटायचा,
पुसला जायचा.
कित्ता गिरवणारं पोर
वहीतला शाईचा डागही गिरवतं, तसं.
शेवटच्या ओळीखाली काही सापडलं नाही.
थांबला.

मी म्हटलं, पुन्हा नोंदव, स्वच्छ.
ती कॉफी ओतत होती.
असू दे, म्हणाली,
बिल बरोबर येतंय ना?
पट्टी काढून तिने खिशात ठेवली.

त्या हिवाळ्यात मी कप्पा डिस्कवर उतरवायची सोय केली.
नाव द्यायला जागा सहा अक्षरांची.
तिने स्वतःचं नाव दिलं नाही,
'किलो' दिलं.
वसंतात निवृत्त झाली, टोर्नियोला लेकीकडे गेली,
नाताळला एक कार्ड, पुढच्या नाताळला नाही.

आता तिच्या खुर्चीवर पिर्को.
परवा पडद्याला नाक लावून म्हणाली,
इथं काहीतरी लुकलुकतं.
दर ओळीला. नऊ येतो आणि जातो.
चूक आहे का?

मी 'किलो' उघडलं.
एकोणीस खुणा एका ओळीत,
त्यांतल्या दोन काढल्या की झालं.
कर्सर नऊखाली नेला.
बाहेर लाकडाचे ओंडके उतरवत होते,
एकेक धप्प.

किती वेळ वाया जातो? तिने विचारलं.
हिशेब केला:
आठशे ओळींमागे अकरा सेकंद.

अकरा सेकंद गिरणीला परवडतात, मी म्हणालो,
आणि फाईल होती तशी मिटली.